निळ्या कागदावरची काच

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. जुनं ते सोनं वगैरे माझ्या बाबतीत म्हणू नका. स्वभावानं मी पक्की संशयखोर. त्याला कारणही आहे. हडपसरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी फोरमनच्या केबिनला बसवलेली होते. कोण विडी ओढतोय, कोण डुलकी काढतोय, एवढंच माझ्यातून बघितलं जाई. त्यामुळे कुणी जरा गोड बोललं, की इथं काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटतंच.

कारखाना बंद पडला तेव्हा रामदास फिटरनं मला भंगारातून उचललं आणि सायकलला बांधून विश्रांतवाडीला घरी आणलं. त्याची बायको शर्मिलाताई अंगणात बालवाडी चालवायच्या. त्यांनी माझ्या धारदार कडांना सायकलची जुनी ट्यूब चिकटवली आणि मला उन्हात कामाला लावलं. चौदा एप्रिलच्या पताकांचा उरलेला निळा कागद, त्यावर एखादं पान, आणि वरून दाबायला मी. दुपारपर्यंत ऊन कागदाचा रंग उडवतं. पानाखालचा निळा तेवढा गडद राहतो. मुलं टाळ्या पिटत, "काचबाई, काचबाई" करत मला फडक्यानं पुसत. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं ते.

पुढं रस्त्यापलीकडे कॉम्प्युटरवाली इंग्रजी नर्सरी निघाली आणि ताईंची मुलं एकेक करून गळाली. उरली अकरा. त्यात चार वर्षांची मुक्ताई. तिचे वडील अनिरुद्ध सॉफ्टवेअर कंपनीत होते. एके सकाळी ते पानाचा कागद उलटसुलट करून म्हणाले, "ताई, हे तुम्ही ब्रशनं रंगवता ना? खरं सांगा."

"अहो, रंगवायला मला वेळ कुठाय?"

त्यांनी कोऱ्या निळ्या कागदाच्या मागे सही ठोकली. "मग ह्याच्यावर करून दाखवा. बाराला येतो. नाही जमलं तर मुक्ताईचं नाव काढतो." ती गेली असती तर मागोमाग आणखी पाच गेली असती, आणि उरलेल्या पाचांवर बालवाडी चालत नसते.

ताईंनी जास्वंदीचं पान ठेवलं, वर मला ठेवलं आणि मुलांना घेऊन पडवीत गाणी म्हणायला गेल्या. तेवढ्यात मुक्ताई हळूच आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून नेमकी पानावर, माझ्या उरावर ठेवली! बापानंच पढवून पाठवलंय हिला, मी म्हटलं. घरभेदी कुठली! बारा वाजायच्या आत टोपी उचलून ती पसारही झाली.

अनिरुद्ध आले. ताईंनी मला उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. कागद फिका झाला होता, पण पानाच्या ठशाचा पत्ता नव्हता. मधोमध नुसता एक निळा गोल, पुढं चोच फुटलेला.

"वा! हे कुठलं झाड म्हणायचं?" अनिरुद्ध म्हणाले.

ताई कागद फाडणार, तोच मुक्ताई रडत धावली. "फाडू नका ना! माझी टोपी आहे ती."

"टोपी? कशाला ठेवलीस गं?" ताईंनी विचारलं.

"तुम्हीच म्हणता ना, टोपीशिवाय उन्हात जायचं नाही? पान एकटंच होतं उन्हात."

अनिरुद्धांनी टोपी कागदावर ठेवून पाहिली. चोचीसकट तंतोतंत बसली. कागद उलटा केला. सही त्यांचीच होती. मग घसा खाकरून म्हणाले, "राहू दे नाव. पण पाणी उकळून देता ना?" ताईंना हसावं की रडावं कळेना.

मित्रांनो, आता मला तडा गेलाय, किती दिवस टिकेन सांगता येत नाही. एकच मागणं आहे. लहान पोरानं काही बिघडवलंय असं वाटलं, तर कागद फाडायच्या आधी त्याला विचारा. माझ्यातून आरपार दिसतं म्हणतात सगळे. मी त्या पोरीला घरभेदी म्हटलं, आणि ती बिचारी आपली टोपी पानाला देऊन उन्हातून बोडक्या डोक्यानं परत गेली होती.