बाळाचा माड

घरातले सगळेच अचानक गोड बोलायला लागले, तेव्हाच पाच वर्षांच्या वासितीच्या मनात पाल चुकचुकली होती. आज तर बाबा चक्क तिच्या माडाशेजारी खड्डा खणत होता. त्या माडाखाली तिची नाळ पुरलेली होती.

"इथं कशाला खणतोयस?"

"तुझं भावंड येतंय ना! त्याची नाळ पुरून वर माड लावायचा. रोप तूच निवड."

म्हणजे आता जागाही वाटून घ्यायची! वासितीने मुद्दाम सगळ्यांत बुटकं रोप उचललं.

कसाव्याचे कंद सोलणारी आत्या खो खो हसली. "अगं, ही ठेंगणी जात! तुझ्या माडाआधी यालाच नारळ लागतील."

वासितीने पायरीवर बसलेल्या आईच्या पोटाकडे रोखून पाहिलं. "यानंच उचलायला लावलं मला!"