मागचा गळा

स्वरूपा बगाडे संध्याकाळी वहीत जो कपडा काढायची, तो सकाळपर्यंत वहीतून निघून फलटणातल्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसलेला असायचा. पान कोरं. पहिल्यांदा तिने पेन्सिलीला बोल लावला. दुसऱ्या दिवशी गिरणीवाले शेंडेकाका तिचाच मोरपंखी झब्बा, तिरक्या पट्टीसकट, घालून दळण टाकताना दिसले, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नवल वगैरे तिला वाटलं नाही. चांगला कपडा कागदावर पडून राहत नाही, हे ती शाळेत असल्यापासून सांगत आली होती. ऐकणारं कुणी नव्हतं, इतकंच.

बारावी झाल्यावर पुण्याच्या फॅशन डिझाइन कॉलेजातच जायचं, म्हणून ती हटून बसली होती. मुलाखतीला पंचवीस चित्रं न्यायची होती. चोवीस दिवसांत चोवीस माणसं नटली. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

अडचण एकच होती. स्वरूपा कपडा फक्त समोरून काढायची. मागची बाजू तिच्या वहीत कधी आलीच नाही, म्हणून ती त्या माणसांनाही मिळाली नाही. मानेपासून टाचेपर्यंत त्यांची मागची बाजू कोऱ्या पांढऱ्या कागदाची झाली. चोवीस जण भिंतीला पाठ घासत बाजारात जाऊ लागले. गणिताच्या डांगेबाईंना तर फळ्याकडे वळायची सोय उरली नाही. त्या वर्गाकडे तोंड करून, हात मागे नेऊन समीकरणं सोडवत, आणि दोन दिवसांत त्यांचा हात बसला.

"पोरी, झब्बा झ्याक हाय," शेंडेकाका म्हणाले. "पर आडवं व्हायची चोरी झालीया. जरा कलंडलो की मागनं चुरगळतंय बघ."

"उभं राहिलात की किती रुबाबदार दिसता, काका."

"ते बी खरंच हाय म्हणा."

स्वरूपाची आई, लताबाई, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. मशीनचा पाय न थांबवता ती म्हणाली, "अगं, समोरून सगळ्या बायका सारख्याच. बाई माझ्याकडे येते ती मागच्या गळ्यासाठी. मटका गळा हवा, पान गळा हवा, नाडी हवी, लटकन हवं. पाठ दिसते ती दुसऱ्यांना, पण खर्च तिथेच करते."

"आई, मला ब्लाउज शिवायचे नाहीत. मला डिझायनर व्हायचंय."

"मग डिझायनरच्या कपड्याला पाठ नसते होय गं?"

हे स्वरूपाला झोंबलं. तिने आईच्या साडीलाच नावं ठेवली. गल्लीत आपल्या स्वतःच्या कपड्यांत वावरणारी अशी आई जवळजवळ एकटीच उरली होती. आईसाठी काही काढावं हे लेकीला सुचलंच नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी स्वरूपा अंगावर लांब शाल लपेटून, कोरी वही आणि चोवीस माणसं घेऊन एसटीत चढली. कोणी सीटला टेकेना. सगळे खिडक्यांना पाठ लावून उभे राहिले. "इतकी माणसं, वाटेत कुणी फाटलं तर?" म्हणून आईही पदर खोचून निघाली.

कॉलेजचा व्हरांडा पंधरा माणसांपुरता होता. सोळावा माणूस उभा राहिला तसा तो एका खांबाने वाढला, सतराव्याला आणखी एका. आत मुलाखत घेणाऱ्या प्रधान मॅडम एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी वही उलटसुलट पाहिली.

"कोरी आहे."

"चित्रं बाहेर उभी आहेत, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसला आणि त्या बाहेर आल्या. एकेकापुढे थांबल्या. डांगेबाईंच्या बाहीची चुणी त्यांनी बोटांनी चाचपली आणि मान हलवली. स्वरूपाने आईकडे पाहून भुवया उडवल्या.

"चोवीसच आहेत," मॅडम म्हणाल्या.

"पंचविसावं मी घातलंय," म्हणत स्वरूपाने शाल काढली.

"छान. आता सगळ्यांनी वळा."

सगळे वळले. स्वरूपाही वळली. व्हरांडाभर पंचवीस पांढरे कागद उभे राहिले. मागे आईचा श्वास जोरात आत ओढल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठे स्वरूपाने हात मागे नेला. तळव्याला गार, गुळगुळीत कागद लागला.

"अर्धीच चित्रं आणलीस," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अकरा वीस झालेत. पावणेबाराला मी यादीवर सही करते. अर्धी चित्रं मला चालत नाहीत."

पंचवीस मिनिटं, पंचवीस पाठी. स्वरूपाने पेन्सिलीला टोक केलं. भीती वाटायला तिला वेळ नव्हता आणि सवयही नव्हती.

शेंडेकाकांपासून सुरुवात केली. त्यांच्या कागदी पाठीवर सरळ रेघ मारायला गेली तर बसेना. काकांचा उजवा खांदा पोती उचलून उचलून खाली आला होता. तिथे कापड जास्त सोडावं लागत होतं. लहानपणापासून ती या माणसाकडून पीठ आणत होती आणि तो खांदा तिने आज पाहिला. तिला लाज वाटली; लाज वाटता वाटता तिने तिथे दोन चुण्या घातल्या. कागद उबदार झाला, त्याचं कापड झालं, आणि काका हुश्श करून भिंतीला टेकले.

डांगेबाईंच्या पाठीला मधोमध बाक होता. कोणाची पाठ ताठ, कोणाची भित्री. दहाव्या पाठीनंतर तिचा हात असा काही चालू लागला की मॅडम खुर्ची बाहेर आणून बसल्या. आपण इथेच शिकणार याबद्दल स्वरूपाला तसूभरही शंका उरली नव्हती. चोविसावी पाठ झाली तेव्हा अकरा चव्वेचाळीस झाले होते.

मग तिने पेन्सिल स्वतःच्या मागे नेली. डावीकडून नेली, उजवीकडून नेली, मानेवरून नेली. जिथे काढायचं तिथे हात पोचेना.

"दुसऱ्याने काढलेलं चालेल?" तिने विचारलं.

"मला पूर्ण चित्र हवंय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यात पाठ कोणाला काढता येते?"

शेंडेकाकांनी खाली पाहिलं. डांगेबाईंनीही पाहिलं. स्वरूपाने पेन्सिल खाली ठेवली.

"आई," ती म्हणाली, "मला मागचा गळा काढून दे."

"कुठला काढू?"

"तुला हवा तो."

लताबाईने कमरेला खोचलेला शिवणाचा खडू काढला. स्वरूपा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खडू मानेखाली टेकला. मटका गळा असेल तर रेघ इथून वळेल, पान गळा असेल तर आणखी चार बोटं खाली, हे ती डोळे मिटून ओळखू शकत होती. रेघ वळली नाही. मागे चोवीस माणसं बघायला पुढे सरकली.

"हलू नकोस," आई म्हणाली.

ब्लाउज जिथे संपतो तिथवर रेघ आली, आणि न थांबता खाली टाचेकडे निघाली; तिच्यामागे कागद उबदार होत गेला.