लुंग मास्तरांचा शेरा

शाम शुई पो वस्तीतल्या चहाघरात लुंग मास्तरांच्या शेऱ्यातून कुणी सुटलं नव्हतं. पीठ मळणारा आ-केंग म्हणजे ‘अर्धी बादली’: येतं थोडं, हिंदकळतं फार. वाढणाऱ्या सो वहिनी म्हणजे ‘तीन पायांचं मांजर’: उडीची हौस दांडगी, पडायची खात्री. ‘आत सारण आहे’ ही सगळ्यात मोठी पावती. ती मिळाली फक्त मास्तरांच्या वारलेल्या गुरूंना.

युक-फानला मात्र मास्तर काहीच म्हणत नसत. सुऱ्याचं रुंद पातं दाबून ती कोळंबीच्या डंपलिंगची पारी करायची, कळ्या घालायची. मास्तर बघायचे आणि पुढे जायचे. आपण नक्की कोण, या कुतूहलानं तिचा जीव खाल्ला होता.

“मला का नाही काही म्हणत ते?” तिनं एकदा विचारलं.

“नावं ठेवण्याइतकीही तू नसशील,” सो वहिनी म्हणाल्या. युक-फान हसली, पण ते मनाला लागलं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सगळे मालकासोबत जेवायला बसले. लुंग मास्तरच मालक. या जेवणात मालक आपल्या हातानं ज्याच्या वाटीत कोंबडी टाकेल, त्याची नोकरी संपली. बोलायचं काही नसतं. मास्तरांनी तुकडा उचलला आणि तो युक-फानच्या वाटीत पडला.

ती म्हणाली, “जाते मी, मास्तर. पण जाण्याआधी सांगा, मी कोण? अर्धी बादली की मांजर?”

मास्तर वरमले. “अगं, तो तुकडा माझा आहे. नोकरी माझीच संपली.” त्यांच्या चॉपस्टिक थरथरत तिच्या वाटीत आल्या. दोनदा तुकडा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वतःच्या वाटीत नेऊन ठेवला. “तुझी वाटी मध्ये आली. या हातांना आता कळी घालता येत नाही. मांजर मीच.”

“मग भट्टी कोण सांभाळणार?” आ-केंगनं विचारलं.

मास्तर युक-फानकडे न बघता त्याला म्हणाले, “हिच्या आत सारण आहे. मी काय शेरा मारणार होतो?”

इतकी वर्षं हवे असलेले शब्द मिळाले आणि युक-फानला ते नकोसे झाले. तिनं मास्तरांच्या पेल्यात चहा ओतला. आभार मानायच्या तिथल्या रीतीप्रमाणे त्यांनी दोन बोटं टेबलावर वाजवली. टकटक थांबेचना, तेव्हा तिनं त्यांच्या बोटांवर हात ठेवला.