बाबासाहेबांचं कॉलेज

बळीराम एकदा बोलून बसला, आणि सुटलेला शब्द काही त्याला माघारी घेता येईना. भिलाईच्या कारखान्यात कोक भट्टीवर राबणाऱ्या या माणसाचा मुलगा देवीदास नागपूरहून इंजिनिअर होऊन आला होता. पुढे शिकायला तो अमेरिकेला जायचं म्हणतोय, एवढं कानावर पडलं आणि बळीरामला राहवलं नाही. बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी खुर्सीपार वस्तीतल्या बुद्धविहारात उभा राहून त्यानं सांगून टाकलं, "माहा पोरगा बाबासाहेबाईच्या कोलंबियात जाणार हाय." मुलाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

देवीदासला हवं होतं पिट्सबर्ग. तिथल्या विद्यापीठानं त्याला शिष्यवृत्तीसकट जागाही देऊ केली होती.

"बाबासाहेब गेल्ते का तिथं?" बळीरामनं विचारलं.

"नाही बा. पण ते पोलादाचंच गाव हाय. मले जे शिकाचं हाय, ते तिथं हाय."

"मंग लोकाईले मी काय तोंड दाखवू?"

"पोराचं आयका जरा," भीमाबाई नवऱ्याला म्हणाली. "शिकाचं त्याले हाय, तुमाले नाही."

पण बळीराम हट्टाला पेटला होता. बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून देवीदासनं पिट्सबर्गला नकार कळवला आणि कोलंबियाला अर्ज केला. तिथली शिष्यवृत्ती त्याला मिळाली नाही. तोवर पिट्सबर्गची जागाही दुसऱ्या कुणाला गेली होती. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि देवीदास बापाच्याच कारखान्यात नोकरीला लागला. घरात तो एका शब्दानं बापाला बोलला नाही. बोलला असता तर बळीरामला बरं वाटलं असतं.

पुढच्या जयंतीला शेजारच्या पंजाबरावांनी विहारात सगळ्यांदेखत विचारलं, "कावून रे देवीदास, तू तं अमेरिकेले जाणार होता ना?"

बळीरामची मान खाली गेली.

"मीच नाही गेलो, काका," देवीदास म्हणाला. "बा न् माय थकून राहिले आता. त्याईले टाकून कसा जाऊ?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. असा लेक नशिबानं मिळतो, असं म्हणत कुणी बळीरामच्या पाठीवर हात ठेवला. उठावं आणि खरं काय ते सांगावं, असं त्याच्या फार मनात आलं. पोराचं नुकसान आपण केलं, आणि वर त्याच्याकडून खोटंही बोलवून घेतलं, या विचारानं त्याचा जीव तुटत होता. पण टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला, लोकांना हात जोडत.