चाड्याचा साचा

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. आज अंगावर धूळ आहे, पण एके काळी माझे रूप पाहायला हवे होते. अस्सल सागवान, उपड्या वाडग्यासारखा गोल, आणि असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. खोटे कशाला बोलू? उंद्री गावात माझ्या तोडीचे लाकूड दुसरे नव्हते.

मला घडवले शालिग्राम सुताराने. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-बारा वर्षे झाली होती. मुंबईच्या कारखान्यात फायबरचे काम शिकून तो गावी परतला होता. पेरणीच्या तिफणीवर चाडे असते ना, ज्यात बाई मुठीने बी सोडते, ते त्याला लाकडाऐवजी फायबरचे करायचे होते. आधी माझ्या अंगाला मेण घासायचे, मग काचेच्या धाग्यांचे कापड नि चिकट रसायन, थरावर थर. उन्हात ते घट्ट झाले की उचलायचे, काठ पात्याने कापायचा, कानस मारायची. मेण असले तर चाडे आपसूक सुटते. नसले तर ते नि मी जन्माचे जोडीदार!

गावाने नाके मुरडली. "काचीचं चाडं? फुटलं म्हंजे?" शेवटी रुखमाबाई, जिची पेरणीची मूठ गावात नावाजलेली, एक घेऊन पाहते म्हणाली. शालिग्रामने आईला सांगून टाकले, "माय, हे एक नाही गेलं, त म्या चाल्लो परत मुंबईले." त्याच्या आईला, कलाबाईला, तो एकुलता एक. त्या रात्री तिने ताट तसेच बाजूला सारले.

सकाळी ती माझ्यापाशी आली. "बापा, तूच ठेव माह्या लेकाले गावात," म्हणाली, आणि देवाला घालावी तशी मला कढत पाण्याने आंघोळ घातली. शिकेकाईने चोळले, वर कुंकवाचे बोट लावले. मी तर फुगूनच गेलो. आदल्या संध्याकाळी लावलेले मेण धुऊन गेले, हे माझ्याही ध्यानात आले नाही. शालिग्रामला कुंकू तेवढे दिसले. आईची माया, ती पुसवेना. त्याने तसेच थर चढवले.

दुपारी चाडे काही सुटेना. ठोकून झाले, हिसकून झाले. रुखमाबाई दारात येऊन उभी राहिली, तशी त्याने पटाशी उचलली. आता माझे दोन तुकडे होणार, हे मी समजलो. एवढ्यात कलाबाई पुढे आली.

"त्याले काऊन मारतं? म्या सकाळी त्याले आंघोळ घातली. माह्यानंच चुकलं असंन."

शालिग्राम रागाने लाल झाला, पण पटाशी खाली ठेवली. लाकडी पाचरी घेऊन, फटीत गार पाणी सोडत, तो काठाभोवती हळूहळू ठोकत राहिला. कडकन आवाज होऊन चाडे सुटले. माझ्या कडेचा टवका घेऊन गेले. तो पुढे काठासोबत कापला गेला. पण चाड्याच्या आत, बुडाशी, कुंकू कायमचे बसले होते.

"राहू द्या मावशी, दुसरं करून देतो," तो मान खाली घालून म्हणाला.

रुखमाबाईने मूठभर ज्वारी आत फिरवली. दाणा कुठे अडला नाही. "दुसरं काऊन? पेरणीच्या चाड्यात कुंकू, याच्याहून चांगलं काय रायते? हेच दे."

ती गेल्यावर कलाबाईने भीत भीत विचारले, "मंग कधी निंगतं मुंबईले?"

"कायची मुंबई? आता सारं गाव मांगायले येईन. पन माय, याले आंघोळ नको घालू."

पुढे कितीतरी हंगाम माझ्या अंगावरून चाडी निघाली आणि धाड गावच्या बाजारापर्यंत गेली. मग ट्रॅक्टरची पेरणीयंत्रे आली, आणि मी माळ्यावर. तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या अवजारांची दसऱ्याला पूजा जरूर करा. पण कोणाला पाणी चालते नि कोणाला मेण लागते, तेवढे आधी विचारून घ्या. त्या माउलीला ते ठाऊक नव्हते. पण मित्रांनो, माझ्या कडेचा टवका गेला, आणि तिचा लेक घरी राहिला. मी तो टवका आजही आनंदाने देईन.