मिठागर प्रांताचा निकाल

शनिवारी दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना बाबा अंगणात जाऊन कपड्यांच्या दोरीसमोर उभे राहिले. हातात घड्याळ, चष्मा कपाळावर. दोरीवर त्यांचे दोन सदरे, एक चादर आणि उशीचा अभ्रा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. चार वाजले आणि त्याच मिनिटाला वारा आला. तसा फार नव्हता, पण एक चिमटा ढिला होता. अभ्रा सुटला, हवेत फुगला आणि कुंपणावरून शेजारणीच्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसला.

"बुडाली का हो होडी?" मी खिडकीतून विचारलं.

"निकालाआधी प्रतिक्रिया नाही," बाबा म्हणाले आणि अभ्रा आणायला फाटकाबाहेर पडले.

पलीकडून शेजारीण म्हणाली, "निवडणूक तुमची आणि धुणं माझ्या झाडावर. मला कुठला तरी एक प्रांत द्या आता."

या होडीबद्दल सांगायला हवं. बाबा भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. मी आठ वर्षांची असताना गोवरानं अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी एका नसलेल्या देशाचा नकाशा काढला. त्यात पाच प्रांत होते: डोंगर, नदी, गवताळ, बंदर आणि मिठागर. मिठागराच्या टोकाला मी पेन्सिलीनं एक बेट काढलं. ते खोडायचं नाही, असा मी हट्ट धरला. बाबांनी बेट ठेवलं आणि त्यावर दोनशे तीस माणसं वसवली. पुढं आई गेली. रविवारची दुपार बाबांना खायला उठायला लागली, तेव्हा त्या नकाशाचा खेळ झाला. दर चार महिन्यांनी प्रत्येक प्रांताच्या गव्हर्नरची निवडणूक. बाबांचे तीन मित्र पक्ष चालवायचे: कोपऱ्यावरचे औषधवाले, शिंपीकाका आणि माझ्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई. प्रत्येकानं आपला जाहीरनामा आणि प्रचाराचा बेत लिहून द्यायचा. मग बाबा लोकसंख्येचे तक्ते आणि दोन फासे घेऊन आठवडाभर मतं काढत बसायचे. बेटाच्या मतांचा नियम वेगळा होता. मतदानाच्या दिवशी चार वाजता आमच्या दोरीवरून एखादा कपडा उडाला, तर समुद्रात वादळ. होडी येत नाही, बेटाची मतं मोजायची नाहीत.

सतराव्या वर्षी माझी बरीच पुस्तकं वाचून झाली होती आणि त्यामुळे आपल्याला बरंच काही कळतं असं वाटत होतं. एका रविवारी आतल्या खोलीत सगळ्यांसमोर मी बाबांना म्हणाले, "तुम्ही एका खोट्या देशात राहता." शिंपीकाकांनी खाली बघितलं. बाबांनी "बरं" म्हटलं आणि नदी प्रांताचा निकाल पुढे वाचला. त्यानंतर मी त्या खोलीत बसले नाही.

आणि पुढं नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यावर, टंकलेखन यंत्रावर एक चिठ्ठी लिहून मी बाबांना पाठवली. मला खेळायचं आहे, नाव सांगणार नाही, उत्तर पोस्टातल्या या टपालपेटीच्या क्रमांकावर पाठवावं. नाव सांगायलाच हवं असा नियम नव्हता, आणि बाबा नियमाबाहेर जायचे नाहीत. चौथा पक्ष नोंदवला गेला. सगळे त्याला टपालवाला म्हणायला लागले. अकरा वर्षं महिन्यातून एकदा मला बाबांचं पत्र यायचं. अक्षर तेच, शाळेच्या वह्यांवर माझं नाव घालून द्यायचे ते. मायना मात्र "महोदय".

अकरा वर्षांत मी एकदाही जिंकले नाही. प्रत्येक वेळी मिठागरात उभी राहायचे आणि औषधवाल्यांकडून सपाटून मार खायचे. माफी मागायची ती माझी पद्धत होती, असं म्हणता येईल. पण ज्याची मागायची, त्याला ती पोचते आहे की नाही, हेच ठाऊक नव्हतं.

त्या शनिवारी अभ्रा घेऊन बाबा परत आले. त्याला लागलेली लिंबाची दोन पानं त्यांनी काढली, घडी घातली आणि चहाला बसले.

"टपालवाल्यानं या वेळी माझं ऐकलं बघ," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी तुला गेल्या खेपेला म्हटलं नव्हतं का? माणूस हुशार आहे, पण नुसता शाळा आणि वाचनालयं देत सुटतो. बेटावरच्या लोकांना काय हवंय? धक्का हवाय. होडी लावायला धड जागा नाही तिथं. या वेळी त्यानं धक्का दिलाय."

"तुम्ही मला म्हणालात. त्याला कसं कळलं?"

"सुचलं असेल," बाबा म्हणाले. "बिस्किट घे."

मी बिस्किट घेतलं. मी किती चतुर, असं मला तेव्हा वाटलं होतं. दर खेपेला बाबा माझ्यापाशी टपालवाल्याच्या चुका काढायचे आणि पुढच्या निवडणुकीत मी त्या निमूटपणे सुधारायचे. आपण त्यांच्या तोंडून गुपितं काढतोय, या खुशीत मी होते.

चहा झाल्यावर ते आतल्या खोलीत गेले, निकालाच्या वहीत शेवटच्या ओळी लिहिल्या आणि वही मोठ्या पाकिटात घालून त्यावर लाख लावली. निकाल दुसऱ्या दिवशी, रविवारी अकरा वाजता. मी सहाच्या बसनं निघाले. फाटकापर्यंत येऊन ते म्हणाले, "पुढच्या वेळी येताना चिमटे आण. चांगले, लाकडी."

रविवारी सकाळी आठ वाजता शेजारणीचा फोन आला. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. समोर वर्तमानपत्र होतं, शब्दकोडं निम्मं सुटलेलं.

पहिले काही आठवडे कसे गेले, ते इथं सांगत नाही. दीड महिन्यानं मी घर आवरायला रजा काढून आले, तेव्हा औषधवाले, शिंपीकाका आणि बाई तिघंही एका रविवारी अकरा वाजता दारात उभे. काहीतरी मागायला आल्यासारखे, संकोचून.

"आत या ना," मी म्हणाले.

"येतो," औषधवाले म्हणाले. "पण अगं, ते पाकीट... म्हणजे तुला चालत असेल तर. तेवढा निकाल राहिलाय."

"याची गादी गेली का तेवढं जाणून घ्यायचंय," शिंपीकाका म्हणाले. "दीड महिना झोप नाही बिचाऱ्याला."

"तुझा गवताळ प्रांत गेला असणार, ते बघ आधी."

बाई म्हणाल्या, "गप्प बसा दोघं. तिला ठरवू द्या."

मला बरं वाटलं. दीड महिन्यात पहिल्यांदा त्या घरात कुणी भांडत होतं. मी तिघांना आतल्या खोलीत बसवलं. नकाशा भिंतीवर होता तसाच होता, माझं पेन्सिलीचं बेट शाईनं गिरवलेलं. बाबांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. निकाल उभं राहून वाचायचा आणि वाचलेला निकाल पुन्हा बदलायचा नाही, हे दोन नियम मला आठवत होते. मी टेबलापाशी उभी राहिले आणि लाख फोडली.

डोंगर प्रांत बाईंकडे गेला, नऊशे मतांनी. बाईंनी फक्त मान हलवली, जणू हजेरी घेतली होती. नदी प्रांतही बाईंचाच. बंदर औषधवाल्यांकडे. गवताळ प्रांतात शिंपीकाका सतरा मतांनी वाचले आणि टाळी वाजवायला उचललेले हात त्यांनी खुर्चीकडे बघून हळूच खाली घेतले.

"वाजवा की," मी म्हणाले. "बाबा असते तर तुम्ही नाचला असता."

त्यांनी वाजवली, एकदाच, पण जोरात.

शेवटी मिठागर. बाबांच्या रेखीव आकड्यांत किनाऱ्याची मतं होती: औषधवाले चार हजार चारशे एकसष्ट, टपालवाला चार हजार तीनशे अठरा. खाली बेट: टपालवाला दोनशे चौदा, औषधवाले सोळा. त्याखाली एक ओळ. वारा नाही. होडी पोचली. आणि शेवटी, दोन रेघा ओढून: टपालवाला पंचावन्न मतांनी विजयी.

ती ओळ मी तीनदा वाचली. वारा नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं झाडावरून अभ्रा काढला होता. त्यावरची पानं वेचली होती. आणि तासाभरात आत येऊन, ज्यानं वीस वर्षांत एका मताचाही घोळ घातला नव्हता, त्या माणसानं लिहिलं होतं, वारा नाही.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

मी तशीच वाचून टाकू शकत होते. कुणाला कळलं नसतं. अकरा वर्षांनी एक प्रांत माझा झाला असता, आणि तो त्यांनी दिलेला असता. पण मग त्या वहीत त्यांच्या अक्षरातली एक खोटी ओळ कायमची राहिली असती, आणि ती का लिहिली हे मी सोडून कुणालाही कळलं नसतं.

"मिठागर," मी वाचलं. "त्या दिवशी वारा होता. उशीचा अभ्रा उडाला. होडी पोचली नाही. बेटाची मतं धरली नाहीत. औषधवाले एकशे त्रेचाळीस मतांनी विजयी."

औषधवाल्यांनी हसायला तोंड उघडलं, आणि मग त्यांची नजर वहीवर गेली. ते चष्मा लावत असले तरी उलटं वाचण्यात पटाईत. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात जन्म गेलेला.

"इथं तर दुसरंच लिहिलंय," ते म्हणाले. "होडी पोचली म्हणतोय तो. मग पोचली. माझी हरकत नाही."

"अभ्रा उडाला, काका. मी इथंच होते. शेजारच्या काकूंना विचारा."

"त्याची चूक झाली असेल मग," शिंपीकाका हळू आवाजात म्हणाले. "तब्येत बरी नसेल त्या दिवशी."

"तब्येत चांगली होती. चूक नाही झाली."

"मग?" बाई म्हणाल्या. शाळेत त्या असंच विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. "चूक नाही, तर त्या टपालवाल्यासाठी त्यानं असं का करावं? कोण लागतो तो त्याचा?"

खिडकीबाहेर दोरीवर नवे लाकडी चिमटे ओळीनं लावलेले होते. मी येताना आठवणीनं आणले होते. मी वही मिटली आणि तिघांकडे न बघता त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं.

"टपालवाला मी आहे," मी म्हणाले. "अकरा वर्षं मी त्याच देशात राहतेय, बाबा. मी खोटा म्हणाले होते ना, तो देश. पहिली चिठ्ठी पाठवली, तेव्हाच परत आले होते मी."