साठ जणींचा एक बिल्ला

मी एक जुना लाकडी बिल्ला आहे. तळहाताएवढा, वर भोक, भोकात सुतळी. सुताराने मला उरलेल्या फळीतून कापलं आणि माझ्यावर रंगवलं, 'शौचालय'. हसा मित्रांनो, हसा! मलाही आधी लाजच वाटायची.

शर्ट शिवण्याच्या एका कारखान्यात, सुपरवायझरच्या टेबलाजवळ मी लटकत असे. नियम असा, की मला हातात घेतल्याशिवाय शौचालयात जायचं नाही. मी दुसऱ्या कुणाच्या हातात असलो, तर टेबलापुढे रांगेत थांबायचं. बायका साठ आणि बिल्ला एक. रांगेत दोघी दिसल्या तरी सुपरवायझर डोळे वटारायचे, म्हणून बायकांनी दिवसा पाणी पिणंच सोडलं. माझ्यामुळे कामाला शिस्त लागली, असं सुपरवायझर कौतुकाने सांगत. मीही फुशारून जायचो. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कॉलर लावणारीला सातवा महिना होता. लघवीच्या जळजळीने तिला दोनदा ताप आला. डॉक्टरांनी बजावलं, भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवू नका, नाहीतर बाळ वेळेआधी येईल. ती एकटीच सुपरवायझरकडे गेली. एवढं नाजूक असेल तर घरी बसा, असं उत्तर मिळालं. ती मशीनवर परतली. त्या दिवशी मला माझीच चीड आली.

काजं करणारी मावशी तोंडाने फटकळ, पण मनाची खंबीर. जेवणाच्या सुट्टीत ती एकेकीजवळ जाऊन बसू लागली. कुणी म्हणे नोकरी जाईल, कुणी म्हणे घरी विचारते. मावशी सगळ्यांना एकच सांगायची, एकीला काढतील, साठ जणींना काढून शर्ट काय स्वतः शिवणार आहेत? पंधरा दिवस तिने हेच दळण दळलं. शेवटी साठही जणी तयार झाल्या.

सोमवारी सगळ्या आल्या आल्या दोन दोन ग्लास पाणी प्यायल्या. दहा वाजता मशीनं थांबली आणि माझ्यापुढे रांग लागली, थेट दारापर्यंत. सुपरवायझरांना घाम फुटला.

"कुणी चिथावलं तुम्हाला?"

"पाण्यानं, साहेब," मावशी म्हणाली. "नियमाप्रमाणे उभ्या आहोत."

एकेक जण जाऊन यायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहायची. दुपारी मालक खाली आले. बाहेर माल न्यायला गाडी खोळंबली होती. दोन बिल्ले करून देतो, म्हणाले. काही जणी चुळबुळल्या. दोन तर दोन, पदरी पडलं, पवित्र झालं. तेवढ्यात कॉलर लावणारी पुढे आली. थेट मालकांसमोर उभी राहिली.

"बिल्लाच नको. गरज लागेल तेव्हा आम्ही उठणार. तसं लिहून द्या."

मग कुणीच जागची हलली नाही. पाच वाजता कागदावर सही झाली. मावशीने मला सुतळीसकट पिशवीत टाकलं. कॉलर लावणारीला दिवस भरल्यावर मुलगी झाली, चांगली तीन किलोंची!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायची आमच्यात रीत आहे. मी तसं सांगणार नाही. मी मावशीच्या घरी धूळ खात पडलोय आणि मजेत आहे. तुम्ही फक्त एक करा. आई कामावरून आली की तिला विचारा, आज दिवसभरात पाणी किती प्यायलीस? आणि ती काय सांगते, ते नीट ऐका.